पोटरी दुखावलीय आणि मॅरेथॉन तोंडावर आहे? ठाण्यात नौपाड्यातल्या या फिजिओ क्लिनिकचा माझा अनुभव

चार तारे देतेय. पाचवा का कापला तेही लिहिते, पण आधी कामाचं. ज्यांच्या रेसची तारीख जवळ आलीय आणि पाय दुखावलाय, त्यांनी इथे जरूर जावं. पळू की नको, याचं उत्तर पहिल्याच दिवशी मिळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. ते कसं शोधायचं हे इथे शिकवतात, आणि इतक्या नीट शिकवतात की शेवटी निर्णय घेताना माझ्या मनात शंका उरली नव्हती.

माझं वय एक्कावन्न. सहकारी बँकेत काउंटरवर असते, राहायला चरईत. चाळिशीनंतर पळायला लागले. आमचा ग्रुप रविवारी उपवनहून येऊरचा चढ चढतो, एरवी ज्याला जसं जमेल तसं. हाफ, म्हणजे एकवीस किलोमीटरच्या, केल्या होत्या, फुल मॅरेथॉन कधीच नाही. या खेपेला हाफचं टायमिंग सर्टिफिकेट जोडून मुंबई मॅरेथॉनच्या फुलला नाव घातलं. ४२.१९५ किलोमीटर, जानेवारीचा तिसरा रविवार. दिवाळीपासून सगळी तयारी त्या तारखेकडे बघून चालली होती. डिसेंबरच्या सुरुवातीला येऊर चढताना डाव्या पोटरीत खोल आत काहीतरी आवळल्यासारखं झालं. कळ आली नाही, कसला आवाज आला नाही, नुसतं घट्ट. खाली चालत आले. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना स्टेशनचा जिना उतरायला लागले तेव्हा कठड्याला धरावं लागलं.

रेसला दीड महिना होता. अशा वेळी माणसाला सल्ल्यांची कमतरता पडत नाही. सासूबाईंनी आंबेहळद आणि रक्तबोळ उगाळून गरम लेप लावला. ग्रुपमधल्या एकीने मालिशवालीचा नंबर दिला, "दाबून मोकळं करते, दोन दिवसांत पळशील." एकाने सांगितलं, रेसच्या दिवशी सकाळी पेनकिलर घ्यायची आणि सुटायचं. मी आधी एका हाडांच्या डॉक्टरांकडे गेले होते, ते दुसरीकडचे, त्यांचं नाव घेत नाही. त्यांनी पाय बघण्याआधी वय विचारलं आणि म्हणाले, "या वयात कशाला पळता? गुडघे जातील. बंद करा." पोटरीवर त्यांनी हातही ठेवला नाही. गुडघ्याचं म्हणाल तर २०१७ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला होता. त्यात हौशी धावकांमध्ये गुडघ्याची किंवा खुब्याची झीज साडेतीन टक्क्यांच्या आसपास आढळली आणि न पळणाऱ्यांमध्ये दहा टक्क्यांच्या वर. हे मला नंतर याच क्लिनिकमध्ये कळलं. पण तेव्हा त्या डॉक्टरांकडून बाहेर पडले ती डोळ्यांत पाणी घेऊनच. पळणं माझ्यासाठी काय आहे हे त्यांनी विचारायला हवं होतं.

इथल्या मॅडम माझ्याहून बऱ्याच लहान आहेत, पस्तिशीच्या आत-बाहेर. मी त्यांना मॅडम म्हणते, त्या मला ताई म्हणतात. पहिल्या भेटीत त्यांनी मला बसवलं आणि कागद पुढे ओढून विचारत गेल्या. कुठे, कधी, चढावर की उतारावर, आवाज आला का, त्या रात्री कसं होतं, सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल कसं पडलं. मग असे प्रश्न आले की मला त्यांचा संबंधच लागेना. गेल्या महिन्यात लांबचा प्रवास केला का, पाळी बंद होताना हार्मोनच्या गोळ्या चालू होत्या का, घरात कुणाला रक्ताच्या गाठी झाल्या होत्या का. नंतर टेप काढली आणि दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजला, गुडघ्याखाली ठरावीक अंतरावर खूण करून, आधी एक पाय, मग दुसरा. फरक जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा निघाला. तेव्हा त्यांनी कारण सांगितलं. पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ झाली तरी असंच घट्ट आणि दुखरं वाटतं. घेरात तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल, पाय गरम असेल, सूज असेल, तर मामला स्नायूचा म्हणून धरायचा नाही. "तसं असतं तर मी व्यायाम द्यायच्या आधी तुम्हाला डॉपलरला, म्हणजे शिरांच्या सोनोग्राफीला, पाठवलं असतं, ताई." मालिशवालीकडे गेले असते तर तिने हे विचारलं असतं का, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही. पोटरी दुखतेय आणि सुजलीय अशा कुणालाही मी आता हेच सांगते, चोळून घेऊ नका, आधी दाखवा.

मग तपासणी. ही मी सविस्तर लिहिते, कारण इथलं काम कसं चालतं ते यावरून कळेल.

पोटरीत दोन मोठे स्नायू असतात. वरचा, बाहेरून दिसणारा, तो गॅस्ट्रोक्नेमियस. तो गुडघ्याच्या वरून सुरू होतो. त्याच्या खाली सपाट पसरलेला सोलियस, तो गुडघ्याच्या खालून सुरू होतो. दोन्ही खाली टाचेच्या शिरेला, म्हणजे अकिलीस टेंडनला, जाऊन मिळतात. म्हणजे गुडघा सरळ ठेवून टाच उचलली तर दोघं काम करतात. गुडघा वाकवला की वरचा सैल पडतो आणि भार मुख्यतः सोलियसवर येतो. मॅडमनी मला भिंतीपाशी उभं केलं, आधारापुरती दोन बोटं भिंतीला, आणि एका पायावर टाच उचलायला लावली. मोबाइलवर ठोका लावला होता, दोन सेकंदांना एक. उजवा पाय सरळ ठेवून चोवीस झाले, डावा एकोणीस. ठीक होतं, मला हायसं वाटलं. मग म्हणाल्या, आता गुडघा थोडा वाकवून. उजवा बावीस. डावा नऊ, आणि दहाव्याला तीच खोल आवळ. त्यांनी नडगीच्या आतल्या कडेला, पोटरीच्या खालच्या भागात अंगठा दाबला आणि मी दचकले. "सोलियस," म्हणाल्या, "धावणाऱ्यांचा नेहमीचा. चढावर गुडघा वाकलेला असतो ना, त्यात हाच राबतो."

एमआरआय काढू का, मी विचारलं. सध्या गरज नाही म्हणाल्या. सोनोग्राफीत सोलियसची छोटी इजा पुष्कळदा दिसतच नाही, आणि एमआरआयने आत्ताचा बेत बदलणार नाही. दोन आठवड्यांत सुधारणा दिसली नाही तर बघू. इजा पहिल्या दर्जाची, म्हणजे काही तंतू ताणले-फाटलेत, स्नायूची ताकद बरीचशी शाबूत आहे. दुसऱ्या दर्जात स्नायू अर्धवट फाटतो, तिसऱ्यात पूर्ण. पहिल्या दर्जाला साधारण दोन-तीन आठवडे धरतात, पण सोलियस सावकाश भरतो आणि पन्नाशीच्या पुढे आणखी सावकाश. पोटरी पुन्हा दुखावण्याची शक्यता सगळ्यात जास्त कुणाला, तर वय वाढलेल्यांना आणि जिला आधी इजा झालीय तिला. मी दोन्हींत बसत होते आणि त्यांनी ते तोंडावर सांगितलं. मला ते आवडलं. वय सांगून तो हाडांचा डॉक्टर मला घरी बसवत होता, इथे त्याच वयाचा हिशोब बेतात धरला गेला.

मग मी तो प्रश्न विचारला. जानेवारीत पळू शकेन का?

"आज सांगता येणार नाही. पण कशावर ठरवायचं ते आजच लिहू."

आणि लिहिलं. त्यांच्या कागदावर एकाखाली एक पायऱ्या होत्या, एक ओलांडल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. आधी अर्धा तास भरभर चालणं आणि जिना उतरणं, आधार न घेता. मग डाव्या पायाच्या टाचा उचलणं उजव्याच्या निदान नव्वद टक्के, गुडघा सरळ आणि वाकवून, दोन्ही प्रकारे. मग एका पायावर उड्या. ते झालं की सपाटीवर एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं. चढ सगळ्यात शेवटी. पळताना दुखणं दहापैकी दोनच्या वर गेलं तर तिथेच थांबायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बिछान्यातून उतरल्यावरच्या पहिल्या पावलांना जे जाणवेल ते वहीत लिहायचं. पळतानाच्या दुखण्यापेक्षा त्यांचा विश्वास त्या सकाळवर जास्त होता. स्नायू गरम झाला की बोलत नाही, रात्रभर थंड झाला की खरं सांगतो, असं त्यांचं म्हणणं.

शेवटची अट रेसची. जानेवारीच्या पहिल्या रविवारपर्यंत निदान चोवीस किलोमीटरची एक धाव व्हायला हवी, आणि तिच्या दुसऱ्या दिवशी पोटरीने तक्रार करता कामा नये. ती झाली तर फुलचा विचार करू. नाही झाली तर पाय दुखत नसला तरी फुल नाही. "दुखायचं थांबणं आणि ४२ किलोमीटर झेपणं यात अंतर आहे, आणि ते अंतर आपल्याला मोजायचंय," हे वाक्य माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे.

त्यांनी मला हिशोब घालून दाखवला आणि मी आकड्यांत नोकरी घालवलेली बाई, मला तो लगेच पटला. पळताना सोलियसवर प्रत्येक पावलाला अंगाच्या वजनाच्या सहा ते आठ पट भार येतो. माझं वजन ५८ किलो. सहापट धरली तरी साडेतीनशे किलोच्या आसपास. मिनिटाला १६० पावलं आणि साडेपाच तास धरले, तर बावन्न हजारांवर पावलं होतात, एका पायाला सव्वीस हजार. जो पाय भिंतीपाशी गुडघा वाकवून दहावेळा टाच उचलू शकत नव्हता, त्याला मी हे मागत होते.

मग त्यांनी रूट विचारला. कुठे चढ आहे, कितव्या किलोमीटरला. मी सांगितलं, सीएसएमटीहून निघायचं, मरीन ड्राइव्ह, हाजी अली, वरळी, सी लिंक, मग माहीमकडून शिवाजी पार्क करत परत, आणि पेडर रोडचा चढ अगदी शेवटी, पस्तिसाव्या किलोमीटरच्या पुढे. त्यांनी रूटवर पेन्सिलीने पेडर रोडला गोल केला. "इथे उन्हं वर आलेली असतील, पाय थकलेला असेल, आणि चढ असेल. सोलियसची परीक्षा इथे आहे. सुरुवातीच्या दहा किलोमीटरला बरं वाटलं म्हणून त्याला अर्थ नाही." मॅडम स्वतः धावत नाहीत. आमच्या ग्रुपमध्ये काहींना हे खटकतं, जो धावत नाही त्याला धावणाऱ्याचं काय कळणार म्हणतात. माझं मत उलट आहे. त्यांनी माझी रेस माझ्यापेक्षा नीट वाचली.

घरच्या उपचारांबद्दल त्यांनी कुणालाच हसून सोडलं नाही. लेप लावायचा तर लावा, त्वचेला त्रास नसेल तर काही बिघडत नाही, पण तो खोल सोलियसपर्यंत पोचत नाही, आणि लावताना चोळू नका. सासूबाईंना हे मी जसंच्या तसं सांगितलं आणि त्यांनीही मान्य केलं. बर्फाबद्दल मला नवीन कळलं. आराम, बर्फ, पट्टी, पाय उंच, हे "राइस" सूत्र १९७८ साली अमेरिकेतल्या गेब मर्किन या डॉक्टरांनी पुस्तकातून मांडलं, आणि बर्फाने भरून येणं लांबू शकतं असं त्यांनीच २०१४ मध्ये लिहिलं. मॅडमचं म्हणणं, पहिल्या दोन दिवसांत फारच ठणकलं तर दहा मिनिटं लावा, रोजचा नेम करू नका. पूर्ण आराम तर मुळीच नको. स्नायूला भरून यायला भार लागतो, फक्त तो मोजून द्यायचा.

पेनकिलरवर मात्र त्या कडक होत्या. गोळी घेऊन पळालं की इशारा देणारी यंत्रणाच बंद होते, लहान फाट मोठी होते आणि आपल्याला फिनिशनंतर कळतं. शिवाय मुंबईची दमट हवा, चार-पाच तासांचा घाम, अंगातलं पाणी कमी झालेलं, त्यात या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात. मूत्रपिंड निकामी होऊन लोक दवाखान्यात दाखल झालेत. आमच्या ग्रुपमध्ये हा सल्ला किती सहज दिला जातो हे आठवून मला भीती वाटली आणि मी त्याच रात्री ग्रुपवर लिहिलं. काहींना राग आला. येऊ दे.

व्यायाम सुरुवातीला दिसायला अगदी साधे. खुर्चीवर बसून टाच उचलून तीस सेकंद धरून ठेवायची. मग बसूनच, गुडघ्यावर वजन ठेवून टाच उचलायची. घरात डंबेल नव्हतं तर आट्याची दहा किलोची पिशवी घ्या म्हणाल्या, मी ती टॉवेलमध्ये गुंडाळून रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसायचे. मग उभ्याने, गुडघा वाकवून, दोन पायांवर, पुढे एका पायावर, पायरीच्या कडेला. सोबत दम टिकावा म्हणून सायकल. जिममधली उभी सायकल मला कंटाळवाणी वाटते, पण दोन-तीन आठवड्यांत दमसास फारसा उतरत नाही, सायकलवर तो राखता येतो, हे त्यांनी समजावलं आणि तसंच झालं.

ख्रिसमसच्या आसपास मी तलावपाळीच्या सपाट रस्त्यावर पहिल्यांदा पळाले. पहाटे, रिक्षांची वर्दळ सुरू व्हायच्या आधी. एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं. सकाळची पावलं साफ. मग पळण्याची मिनिटं वाढत गेली, चालण्याची कमी होत गेली. घाईने नव्हे, पण माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर. जानेवारीच्या पहिल्या रविवारी चोवीस व्हायला हवे होते. त्या सकाळी मी चौदा किलोमीटर पळाले, आणि सांगते, कुठेच दुखलं नाही. बाराव्या किलोमीटरला मला वाटलं की हे होणार. चौदाला थांबले ते बेतात तेवढेच होते म्हणून.

त्याच संध्याकाळी मॅडमनी परत भिंतीपाशी उभं केलं. गुडघा वाकवून, एका पायावर. उजवा वीस. डावा तेरा. दुखलं नाही, पण तेराव्यानंतर टाच उचलेचना, पाय थरथरला आणि टेकला. ताज्या पायाने मी आदल्या आठवड्यात डावीकडे वीसपर्यंत पोचले होते. चौदा किलोमीटरने एकट्या डाव्या सोलियसमधलं तिसऱ्या हिश्शाहून जास्त काढून घेतलं होतं, उजव्यातलं जेमतेम. "दुखत नाही, पण थकतोय," मॅडम म्हणाल्या. "थकलेल्या स्नायूने भार सोडला की तो दुसऱ्या कशावर तरी पडतो. टाचेच्या शिरेवर, नाहीतर परत त्याच जागेवर." पुढे काही बोलल्या नाहीत. मी विचारलं, तुमचं मत? म्हणाल्या, "अट आपण दोघींनी डिसेंबरात लिहिली होती, तेव्हा मन शांत होतं. आज तुम्ही चौदा करून खूश आहात. कुठल्या दिवसाच्या ताईंचं ऐकायचं ते तुम्ही ठरवा."

मी डिसेंबरातल्या बाईचं ऐकलं. फुलच्या स्टार्टला गेले नाही.

हे सोपं गेलं असं वाटू देत नाही. भरलेली फी परत मिळत नाही, नाव घातलंय म्हणून त्याच दिवशी हाफमध्ये घुसता येत नाही, आणि दुसऱ्याच्या बिबवर, म्हणजे छातीवर लावायच्या नंबरवर, पळणं नियमात बसत नाही. ऑफिसात साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. ग्रुपमधून फोन येत होते, "चालत चालत कर, मेडल तर मिळेल." मी त्याचाही विचार केला. पण थकलेल्या पोटरीने चाळीस किलोमीटरला लंगडत चालणं हे पळण्यापेक्षा कमी धोक्याचं आहे असं मला कुणी पटवून देऊ शकलं नाही. अर्ध्यात सोडेन असं ठरवून उभं राहावं तर, मुंबईच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी लोक टाळ्या वाजवत, संत्र्याच्या फोडी आणि बिस्किटं हातात ठेवत असताना, बाजूला होणारी मी नाही. मी स्वतःला तेवढी ओळखते. म्हणून स्टार्टलाच न जाणं हाच मला खरा पर्याय वाटला. रडले, हे लिहायला मला संकोच नाही. पण चुकलं असं एकदाही वाटलं नाही, कारण मी कुणाच्या भीतीने किंवा कुणाच्या आग्रहाने ठरवलं नव्हतं. वहीतल्या आकड्यांवर ठरवलं होतं.

क्लिनिक सगळ्यांना घरीच बसवतं असा समज होऊ नये म्हणून हेही लिहिते. आमच्याच ग्रुपमधला एक तिशीतला मुलगा मांडीच्या मागचा स्नायू धरला म्हणून माझ्या आगेमागेच इथे यायला लागला. त्याला त्याच्या पायऱ्या वेगळ्या लिहून दिल्या, त्याने त्या वेळेत ओलांडल्या आणि माहीमहून हाफ पळाला, व्यवस्थित. त्याला पळा म्हणाले आणि मला थांबा, असंही नाही. दोघांनाही मोजायला लावलं.

आता पाचवा तारा. क्लिनिक पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. पाय दुखावलेले लोक जिथे येतात तिथे हे असू नये. पहिल्या दिवशी मी एकेक पायरी धरून चढले, आणि माझ्यापुढे एक आजोबा वॉकर घेऊन चढत होते, मुलगा मागून धरून. दुसरं, रिसेप्शनला बसणारी मुलगी आल्याआल्या पॅकेज गळ्यात घालते. दहा सेशन आगाऊ घेतले की सूट. मॅडमनी तपासायच्या आधीच किती सेशन लागतील हे तिला कसं कळलं? तिसरं, मॅडम गडबडीत असल्या की ज्युनिअर मुलं येऊन मशीन लावतात, आयएफटी (सौम्य विजेचा शेक) किंवा अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचा), वीस मिनिटं पडून राहायचं. त्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं. फाटलेला स्नायू मशीनने लवकर भरतो असं मानायला आधार फार कच्चा आहे, हे मॅडमनीच मला विचारल्यावर प्रामाणिकपणे सांगितलं. मग पैसे त्याचे कशाला? मी स्पष्ट सांगितलं की मशीन नको, व्यायाम बघा, आणि पुढे तसंच झालं. पण सगळ्यांना असं बोलता येत नाही. आणि व्यायामाचे छापील कागद फक्त इंग्रजीत आहेत. माझ्या सासूबाई गुडघ्यासाठी येणार होत्या, त्यांच्यासाठी मागितले तर मॅडमनी मराठीत हाताने लिहून दिले, चित्रं काढून. ठाण्यात क्लिनिक आहे, मराठीत छापून ठेवायला काय हरकत आहे?

पैशांचं म्हणाल तर पहिली तपासणी आठशे, नंतर प्रत्येक वेळी पाचशे. यूपीआय चालतं, कार्ड नाही. सुटे सेशन घेतले तरी चालतात, पॅकेजची सक्ती नाही, रिसेप्शन काहीही म्हणो. स्नायूवर चिकटवायची टेप आणि पोटरीला घालायचे घट्ट स्लीव्ह खाली काचेच्या कपाटात विकायला ठेवलेत. मी विचारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, आधार वाटतो, घालायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर अंतर वाढवू नका. मी घेतले नाहीत.

माझं जाणं सुरू आहे, महिन्यातून एकदा, ताकद मोजायला. पुढचं लक्ष्य सातारा हिल हाफ. यवतेश्वरचा घाट, पहिला अर्धा भाग बहुतेक चढच, म्हणजे पुन्हा सोलियसचंच काम. मॅडमनी त्याचाही कागद केलाय. त्यात वाकवलेल्या गुडघ्याचे आकडे दोन्ही पायांचे सारखे आल्याशिवाय येऊर नाही. डावा अजून तिथवर पोचलेला नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं. सैल हाफ पँट घालून जा, पोटरी आणि गुडघा उघडा लागतो. पळायचे जुने बूट पिशवीत न्या, मॅडम बुटाच्या तळव्याची झीज बघतात. शनिवारी संध्याकाळी गर्दी असते, मंगळवार-बुधवार सकाळ बरी. मॅडम स्वतः बघणार आहेत ना, हे फोनवर विचारून घ्या. आणि रेसची तारीख फोनवरच सांगा, म्हणजे पहिली वेळ पाऊण तासाची देतात, नाहीतर वीस मिनिटांची मिळते.